एक अंगावर, दोन दोरीवर

या संवादातल्या आत्या आणि भाची मी रचलेल्या आहेत. त्यांची बोलणी मात्र मुंबईत नोकरीला आलेल्या मुलींच्या पहिल्या पावसाळ्यात कितीतरी घरांत होत असतात. आत्या वरळीच्या एका कापड-तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झाली आहे, माहेर लालबागच्या चाळीतलं. भाची नाशिकची. वांद्रे-कुर्ला संकुलात तिला नोकरी लागली आहे आणि माहीमला दोन मैत्रिणींबरोबर ती भाड्याने राहणार आहे. तिघींत दोन कपाटं. जूनचा पहिला आठवडा आहे, पाऊस अजून आलेला नाही, आणि भाचीच्या हातात यादी आहे.

भाची: तेहतीस, आत्या. कपडे, चपला, पर्स, कानातलं सगळं धरून तेहतीस नग. तीन महिने एवढ्यावर काढायचे.

आत्या: कोणी ठरवलं तेहतीस?

भाची: कोर्टनी कार्व्हर म्हणून एक अमेरिकन बाई आहेत, त्यांनी २०१० मध्ये. कल्पना त्यांच्याही आधीची आहे. लंडनमध्ये सूझी फॉ यांचं कपड्यांचं दुकान होतं. थोडे, चांगल्या शिलाईचे, एकमेकांवर जाणारे कपडे घ्या आणि वर्षानुवर्षं वापरा, असं त्या सत्तरच्या दशकापासून सांगत होत्या. मग १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरनने सात कपड्यांत नोकरदार बाईचा आठवडा बसवून दाखवला. मी म्हटलं, दहा टॉप आणि पाच पँट घ्यावेत. दहा पाचे पन्नास. पन्नास दिवस रोज वेगळा जोड!

आत्या: पंधराच्या पंधरा नग एकाच वेळी कोरडे असले तर पन्नास. लंडनला वर्षभरात साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी आठशेच्या वर पडतो. त्या बायकांच्या हिशेबात कपडे वाळायला किती दिवस धरलेत?

भाची: पाऊस काय, नाशिकलाही पडतो.

आत्या: पडतो. पण नाशिकला घाम येतो आणि उडूनही जातो. इथल्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की घाम उडायचा कुठे? तो कपड्यात उतरतो. तिकडे तू एक जीन्स चार-चार दिवस घालतेस, मी बघितलंय. इथे माहीमहून लोकल पकडून ऑफिसला पोचेपर्यंत कुर्ता पाठीला चिकटलेला असतो. घातला की धुवायचा. म्हणजे रोजची धुलाई, आणि जुलैत जाड कापड वाळायला दोन दिवस, कधी तीन. आता मोज. एक अंगावर, दोन दोरीवर, आणि उद्या सकाळी घालायला एक कोरडा. प्रत्येक जातीचे चार हवेतच, मग ते एकमेकांवर जावोत की न जावोत.

भाची: म्हणजे तू कमी कपड्यांच्या विरोधात नाहीस. तू फक्त मोजायची जागा बदलतेयस.

आत्या: कपाट उघडून मोजू नकोस. दोरीखाली उभी राहून मोज. आणि या यादीत स्लिप, आतले कपडे कुठे दिसत नाहीत ते?

भाची: ते मोजायचे नसतात. रात्रीचे, घरातले, व्यायामाचेसुद्धा नाही.

आत्या: म्हणजे मुंबईत ज्यांच्यावर दिवस काढायचा तेच हिशेबाबाहेर! अगं, वरचा कुर्ता एखादा कमी असला तर चालतं. आतले कपडे दमट असून चालत नाहीत. कमरेशी, काखेत, मांड्यांमध्ये गजकर्ण उठतं, मग तीन महिने मलम चोळत बस. आतल्या कपड्यांचे बारा संच घे. तिथे काटकसर करू नकोस.

(हा मुद्दा मला या सगळ्या बोलण्यातला सर्वांत कामाचा वाटतो. पोशाखाबद्दल लिहिणारे सहसा दिसणाऱ्या कपड्यांपाशी थांबतात. दमट शहरात माणसाचा दिवस सुखाचा जाणार की दुःखाचा, हे मात्र न दिसणारे कपडे ठरवतात.)

भाची: ठीक, बारा. पण आता तुझ्या कपाटाचं बोलू. साड्या किती आहेत तुझ्याकडे?

आत्या: असतील सत्तर-ऐंशी.

भाची: त्यातल्या गेल्या वर्षभरात किती नेसलीस? पंधरा? बाकीच्या डांबरगोळ्यांत झोपल्यात. मागच्या गणपतीत पैठणी काढलीस तर घडीवर पांढरे ठिपके होते. खळ घालून ठेवलेल्या सुती साड्यांना कसर लागली. ज्या हवेत बुरशी चढते त्या हवेत साठा करणं म्हणजे बुरशीला पोसणं. कपडा वापरात राहिला, हलत राहिला, तरच टिकतो. तुझ्याच हवेचा नियम तुझ्याच विरोधात जातो, आत्या.

आत्या: जातो. खोटं कशाला बोलू? सणांची तर गंमतच आहे. गौरी-गणपती येतात ते ऐन दमट दिवसांत, आणि रेशीम काढायचं नेमकं तेव्हाच. त्यातून अर्ध्या साड्या आहेरातल्या. घेतल्या नाहीत तर माणूस दुखावतं, नेसल्या नाहीत तर कपाट भरतं. पुढे दिल्या तर देणारीच समोर येऊन विचारते, ‘ती हिरवी नेसली नाहीस?’

भाची: मग नाही म्हणायला शिक ना.

आत्या: तू शिक. मला तुझ्या या शहाणपणातलं एकच खटकतं, ते सांगते. तुझ्या आजीकडे दोन लुगडी होती. तिसरं सणाचं, ते ट्रंकेत. एक अंगावर आणि एक गॅलरीतल्या दोरीवर. पावसाळ्यात दोरीवरचं वाळलं नाही की ओलंच गुंडाळायची आणि चुलीपुढे बसून अंगावरच वाळवायची. खोली दहा बाय बाराची, त्यात आम्ही सात माणसं, आणि सगळ्यांचे कपडे मिळून एक ट्रंक. तुझे आजोबा गिरणीत. दिवसभर कापडाच्या ताग्यांत उभे राहायचे, आणि घरात चार चादरी नव्हत्या. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर घरातल्या ट्रंकेलाही कुलूप लावायची गरज उरली नाही. पुढे माझ्या पगाराची पहिली साडी घेतली ती हिंदमाताच्या कापडबाजारात, निळी वॉयल. आता कोणी सांगितलं की थोडक्यात भागवणं ही मोठी सुंदर राहणी आहे, की मला हसू येतं. थोडकं असणं आम्ही करून बसलोय.

भाची: (थोडं थांबून) ते मला कळतं. पण आजीची दोन लुगडी आणि माझे तेहतीस नग यांत फरक आहे. तिला निवड नव्हती. मला ऑनलाइन सेल दर आठवड्याला बोलावतो, चारशे रुपयांत कुर्ती, दोन धुलाईत तिचं पोतेरं. माझं भांडण गरिबीशी नाही गं, त्या कचऱ्याशी आहे. तुझ्या साड्यांना निदान आठवणी तरी आहेत. माझ्या मैत्रिणींच्या कपाटात जे कोंबलंय त्याला आठवणही नाही.

आत्या: हे बरोबर बोललीस.

इथे दोघींचं जमलं असतं, पण विषय कापडावर गेला, आणि कापडाच्या बाबतीत आत्या कोणाला सोडत नाही.

भाची: माझा उपाय सोपा आहे. जे एका रात्रीत वाळतं तेच घ्यायचं. दोन पातळ पॉलिएस्टरच्या पँट, तीन टॉप. रात्री धुतले की सकाळी कोरडे. तुझे ‘दोन दोरीवर’ रद्द.

आत्या: आकडे ऐक. प्रयोगशाळेत कापड तपासतात ते सत्तावीस अंश आणि पासष्ट टक्के आर्द्रतेत. त्या हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा नुसत्या हवेतून ओढून घेतं. लिनन बारा टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. म्हणून ते लवकर वाळतं, आणि म्हणूनच अंगावरचा ओलावा त्याला नको असतो. तो तुझ्या कातडीवर तसाच बसतो. वरून वास! बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रयोग केला होता. सव्वीस जणांना घाम येईपर्यंत व्यायाम करायला लावला, टी-शर्ट बांधून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी हुंगवले. पॉलिएस्टरचे जास्त कुबट निघाले. घामातले विशिष्ट जंतू त्या धाग्यावर चांगले पोसतात. हा प्रयोग आपण रोज संध्याकाळी लेडीज डब्यात करतोच, पण त्यांनी तो छापला.

भाची: मग आजोबा टेरिकॉट का घालायचे? बाबा सांगतात, त्यांचा एक क्रीम रंगाचा शर्ट होता, कधी चुरगळायचाच नाही.

आत्या: पकडलंस. सदुसष्ट टक्के पॉलिएस्टर, तेहतीस टक्के सूत. तुझा तेहतीस तिथेही आहे बघ. सुताच्या गिरणीत काम करणारा माणूस टेरिकॉट घालायचा, कारण धुवून टांगला की सकाळी तयार, इस्त्रीचे पैसे वाचले. सत्तरच्या दशकातल्या अख्ख्या मुंबईने हेच केलं. कारकून, मास्तर, कंडक्टर. शहाणपणाच होता तो. मी काय म्हणते, मिश्रण चालेल, पण शंभर टक्के पॉलिएस्टर अंगाला लागून नको. पावसातली पँट पातळ नायलॉनची घे, ती पायाशी असते, चिखलाची असते, तिथे चालतं. पाठ, काख आणि गळा यांना मात्र सूतच हवं.

भाची: आणि रेयॉन? ते तर किती गार लागतं.

आत्या: एप्रिलमध्ये गार. जुलैत पाणी पिऊन फुगतं, जड होतं, आणि ओलं असताना त्याची ताकदही कमी होते. पिळताना शिवण उसवली की कळेल. उन्हाळ्यापुरते दोन ठेव. लिनन लवकर वाळतं, हवा खेळती ठेवतं, पण पैसे मोजावे लागतात. आणि चर्चगेटपर्यंत उभं राहून गेलीस की तुझा लिननचा शर्ट बघून लोक विचारतील, रात्री प्लॅटफॉर्मवर झोपलीस का? चुरगळणं ज्याला शोभतं त्यानेच ते घालावं.

भाची: मला शोभेल. मी ठरवलंय.

आत्या: शोभू दे बाई.

भाची: बरं, मग किनाऱ्यावरच्या लोकांनी काय केलं ते बघ ना. गोव्यातली कुणबी साडी. लाल-पांढऱ्या चौकटींची, गुडघ्यापर्यंत, खांद्यावर गाठ मारलेली, भातखाचरात उतरायला. वेंडेल रॉड्रिक्सनी ती पुन्हा चलनात आणली, गोव्याच्या पोशाखांवर ‘मोदा गोवा’ हे पुस्तकही लिहिलं. आपल्या कोळणींचं लुगडं तसंच, घट्ट कासोटा, पोटऱ्या मोकळ्या. समुद्राजवळच्या कामकरी बाईने हजार वर्षांत एकच गोष्ट सिद्ध केली, कापड थोडं आणि आखूड असावं.

आत्या: हजार वर्षं राहू दे, तेवढी मला माहीत नाहीत. पण तू एक गोष्ट पाहिली नाहीस. ते सगळं कापड न शिवलेलं आहे. एकपदरी. दोरीवर लांब पसरलं की सगळीकडून वारा लागतो. तुझी जीन्स का वाळत नाही? पाय वाळतात गं, कमरपट्टी आणि खिसे वाळत नाहीत. तिथे चार-चार थर असतात. सकाळी घातलीस की कमरेशी गार पट्टा बसतो आणि दिवसभर कुबट वास. म्हणून पावसाळ्यासाठी कपडा निवडताना रंग नंतर बघ. आधी उलटा कर आणि शिवणी मोज. अस्तर नको, दुहेरी कॉलर नको, पॅच खिसे नकोत. सलवार, पलाझो, साधा सरळ कुर्ता, मलमलची ओढणी. पंख्याखाली रात्रीत सुकतात.

(शिवणी मोजून कपडा घ्यावा, हा सल्ला मी तरी कुठल्या फॅशनच्या मासिकात वाचलेला नाही. दुकानात कपडा उलटा करून पाहिला की विक्रेता आपल्याकडे संशयाने बघतो, तेवढं सोसावं.)

भाची: रंग मी ठरवलेत. फिकट तपकिरी, पांढरा, राखाडी. सगळं सगळ्यावर जातं.

आत्या: राखाडी रंगात घाम सर्वांत आधी दिसतो. हलका राखाडी टी-शर्ट घालून दादरचा जिना चढ आणि आरशात बघ. पांढरा घामाला बरा, पण पावसात भिजला की आरपार. आणि पांढरी पँट घालून जूनमध्ये हिंदमाताच्या चौकातून गेलीस तर ती तपकिरीच होईल, तुझा दुसरा रंग फुकट मिळेल. गडद निळा घे. छापील घे, बारीक बुट्ट्यांचं. त्यात घाम, चहा, चिखल सगळं लपतं.

भाची: छापील एकमेकांवर जात नाही.

आत्या: कोण बघतंय?

भाची: मी बघते. आत्या, सकाळी सव्वासात वाजता कपाटासमोर उभं राहून विचार करायचा नाही, यासाठी तर हे सगळं. गडद निळा मान्य. त्याच्यावर सगळं जातं. छपाई फक्त वरच्या कपड्यात, खाली सगळं एकरंगी.

आत्या: चल. ऑफिसात एसी असेल.

भाची: भयंकर. सगळे थंडीने कुडकुडतात आणि रिमोट कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसतं.

आत्या: साडी नेसलीस तर पदर खांद्यावरून ओढून घेता येतो, बाहेर आलीस की सोडता येतो. पदरासारखी वेगळी शाल विकत घेऊन तुम्ही तिला काहीतरी नाव देता. असो. एक सुती स्टोल ऑफिसच्या खणातच ठेव. घरी आणू नकोस, म्हणजे भिजायला नको.

आता थोडं माझं. या दोघी वाद घालतायत तो कपड्यांवर, पण खरी अडचण भिंतींची आहे. चाळीला गॅलरी होती. जुन्या इमारतींना उघडी बाल्कनी होती आणि स्वयंपाकघराच्या छताला कप्पीवरच्या दांड्या. नव्या टॉवरांत बाल्कनी खोलीत घेतलेली असते, खिडक्या काचेच्या आणि सरकत्या. कित्येक सोसायट्यांत बाहेर कपडे दिसू नयेत असा नियम असतो. वर्षातले चार महिने ज्या शहराची हवा ओली असते, त्या शहरात वाळवणाला जागा न ठेवता घरं बांधली जातात आणि मग लोक ड्रायर विकत घेतात. हवामान खात्याच्या २०२० च्या सुधारित तारखांप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. हे जवळपास एकशे वीस दिवस वास्तुविशारदाला माहीत नसतात असं नाही, पण ते त्याच्या नकाशात कुठे दिसत नाहीत. कपड्यांची यादी करणाऱ्या माणसाने आधी आपल्या घरात दोरी किती फूट मिळते ते मोजावं, असं मी म्हणेन. आत्या हेच म्हणते आहे. भाचीला ते पटतं आहे, पण ती कबूल करत नाही.

भाची: बरं, मी पुन्हा लिहिते. जून ते सप्टेंबर. सुती कुर्ते सहा, गुडघ्याच्या वरपर्यंत. सलवार-पलाझो चार. पातळ नायलॉनच्या पँट दोन. ओढण्या दोन, मलमलच्या. रबरी चपला दोन जोड, कारण एक जोड ओला राहणार. चामड्याचे बूट?

आत्या: ऑक्टोबरपर्यंत वर्तमानपत्र कोंबून वरच्या फळीवर, नाहीतर हिरवे होतील. चामड्याची पर्सही.

भाची: म्हणजे स्टोल, पर्स, कानातलं धरून पावसाळ्यात अठरा-वीस नगांत बसतंय. आतले कपडे वेगळे. मग ऑक्टोबर हीट ते मे यासाठी दुसरी यादी. लिनन दोन, रेयॉन दोन, जीन्स एक...

आत्या: एक चालेल. जानेवारीत पहाटे पारा सोळा-सतराला उतरतो तेवढ्यासाठी. आणि दिवाळीला साडी.

भाची: साडी एक.

आत्या: तीन. एक सुती, एक रेशमी, एक कोणीतरी दिलेली.

भाची: दिलेली का मोजायची?

आत्या: कारण ती येणारच आहे. यादीत जागा ठेवली नाहीस तर यादी मोडेल, साडी नाही.

भाची: आत्या, एक सौदा करू. तुझ्या आहेरातल्या ज्या सुती साड्या तू कधीच नेसणार नाहीस, त्या मला दे. साडेपाच मीटर कापड, एकीचे दोन कुर्ते निघतात. तुझं कपाट रिकामं, माझी खरेदी शून्य.

आत्या: आणि देणारीने विचारलं तर?

भाची: सांग, भाचीने घेतली. खोटं नाही.

आत्या: ...त्या खालच्या खणात आहेत. पण त्याच खणातली निळी वॉयल सोडून. ती फाटली असली तरी तिथेच राहील.

भाची: मग सगळे धरून किती झाले ते मोजू?

आत्या: आधी घरमालकाला विचार, स्वयंपाकघराच्या छताला दांड्या बसवायला भोकं पाडू देतो का.

भाची: आणि नाही म्हणाला तर?

आत्या: तर तुझे तेहतीस विसर. पंचेचाळीस घे.